थंडी ओसरताना पेरणी: पुण्यातल्या परसबागेत उन्हाळी भाज्या लावण्याची रीत

पुण्यात उन्हाळी भाजी कशी येणार, हे साधारण २० जानेवारी ते २० फेब्रुवारी या महिन्याभरात ठरतं. त्याआधी पेरलं तर रात्रीच्या गारठ्यात बी नुसतं पडून राहतं, कुजतंही. उशीर केला तर रोप तीन-चार पानांवर असतानाच मार्चचं ऊन सुरू होतं आणि मुळं वरच्या चार बोटं मातीतच अडकतात. मग कितीही पाणी घाला, झाड तग धरतं पण फळ धरत नाही. खतं, औषधं, महागडं बियाणं या सगळ्यापेक्षा तारीख सांभाळणं जास्त मोलाचं, असं माझं ठाम मत आहे.

हे लिहिताना माझ्यासमोर अर्ध्या गुंठ्याची, म्हणजे साधारण ५० चौरस मीटरची जागा आहे. ती बंगल्यामागची परसबाग असेल, सोसायटीने सभासदांना वाटून दिलेले वाफे असतील, नाहीतर मुळशी-भोर-पुरंदरकडे भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा असेल. गच्चीवरच्या कुंड्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. कुंडीतली माती लवकर तापते, त्यामुळे तिथे आठवडाभर आधी सुरुवात करता येते.

तारीख कशी ठरवायची

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, असं आपल्याकडे म्हणतात. पण पेरणी तिथीवर सोडू नका. २०२४ मध्ये महाशिवरात्र ८ मार्चला होती, २०२५ मध्ये २६ फेब्रुवारीला आणि २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला. तीन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक पडला, आणि आपल्या हातात सगळा मिळून महिनाच असतो.

त्यापेक्षा माती सांगेल ते ऐकावं. सकाळी आठच्या सुमाराला बोट दोन पेरं मातीत घाला. माती झोंबण्याइतकी गार लागली तर भेंडी आणि वेलांचं बी अजून डब्यातच राहू द्या. साधा मातीचा थर्मामीटर असेल तर आणखी उत्तम: सकाळी दोन इंच खाली सलग चार-पाच दिवस १८ अंशांच्या वर दिसलं की पेरा. जानेवारीत पुण्याचं किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असतं आणि काही रात्री ते दहाच्या खाली उतरतं. शहरातही सगळीकडे सारखी थंडी नसते. पाषाण, एनडीए, हवेलीचा पट्टा पहाटे चांगलाच गारठतो, तर कोरेगाव पार्क, मगरपट्टा, चिंचवड हे भाग त्याच दिवशी काही अंशांनी उबदार असतात. मगरपट्ट्यातल्या मैत्रिणीने भेंडी पेरली म्हणून बावधनच्या टेकडीखाली राहणाऱ्याने त्याच दिवशी पेरायचं कारण नाही. तिथे आठ-दहा दिवस थांबावं.

ऊन आणि पाणी, दोन्हींचा अंदाज आत्ताच

जानेवारीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे बराच झुकलेला असतो. त्यामुळे इमारतीच्या किंवा भिंतीच्या उत्तरेचा पट्टा दिवसभर सावलीत दिसतो आणि आपण तो बाद करतो. मार्चपासून ती सावली आखडत जाते. १३ मेच्या आसपास तर पुण्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. म्हणजे आज सावलीत असलेली जागा एप्रिल-मेमध्ये भर उन्हात असणार. अशा पट्ट्यात मार्चमध्ये चवळीची दुसरी पेरणी छान होते. उलट पश्चिमेची भिंत, शेजारचं आंब्याचं झाड असं काही दुपारी तीननंतर सावली देत असेल, तर ती जागा मिरचीला आणि पालेभाज्यांना राखून ठेवा. उन्हाळ्यात तिथेच त्या खऱ्या टिकतात.

पाण्याचा हिशेब मात्र कडक करावा. शहराचं पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर अवलंबून आहे, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी एप्रिलपासून कपातीची चर्चा सुरू होते. मे महिन्यात भाजीच्या एका चौरस मीटरला रोज ५ ते ७ लिटर पाणी लागतं, असं धरा. दहा चौरस मीटर म्हणजे रोज तीन-चार बादल्या. ५० चौरस मीटरला तेवढं पाणी तुमच्याकडे मेमध्ये असेल का? नसेल तर आत्ताच जागा कमी करा. मेमध्ये जेवढं पाणी देता येईल तेवढंच फेब्रुवारीत पेरायचं. अर्धी जागा मोकळी ठेवून तिच्यावर पालापाचोळा पसरला, तर पावसाळ्यापर्यंत ती जमीन आणखी सुधारते. वाया काहीच जात नाही. बोअरचं पाणी जड असेल आणि मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर अधूनमधून नळाचं पाणी भरपूर देऊन क्षार खाली जाऊ द्या. सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रियेचं पाणी फुलझाडांना आणि लॉनला ठीक आहे, कच्च्या खायच्या भाज्यांवर आणि पालेभाज्यांवर ते अजिबात वापरू नका.

जमीन

हिवाळी कोबी, फ्लॉवर, मुळा संपले की वाफे मोकळे करा. वाटाणा आणि घेवडा उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरच्या गाठींमधला नत्र मातीतच राहतो.

पुण्यात बऱ्याच ठिकाणी काळी चिकण माती असते, आणि तिला हात लावायची वेळ फार महत्त्वाची. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आला, खणा. तसाच चिकटून राहिला तर दोन दिवस थांबा. ओली काळी माती खणली तर तिची ढेकळं उन्हात दगडासारखी होतात आणि ती फोडण्यात सगळा हंगाम जातो. बांधकामाच्या जागी भराव म्हणून टाकलेला मुरूम असेल तर वरच्या वीतभर थरात खत जास्त मिसळा. मुरमात पाणी थांबत नाही, म्हणून तिथे थोडं थोडं पण वरचेवर द्यावं लागतं.

पूर्ण कुजलेलं शेणखत एका चौरस मीटरला दोन ते अडीच किलो घाला. अर्ध्या गुंठ्याला ते सव्वाशे किलोच्या आत बसतं. हातात घेतल्यावर शेणाचा वास यायला नको, चुरा भुसभुशीत हवा. अर्धवट कुजलेल्या शेणातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आणि वाळवी येते. सोबत एका चौरस मीटरला मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळा. हरळी आणि लव्हाळा हे तण असेल तर मुळासकट, गाठीसकट वेचून काढा. आत्ता आळस केला तर उन्हाळाभर पाणी त्यांनाच पाजाल.

आता वाफ्यांचा आकार. हल्ली सगळीकडे गादीवाफे दाखवतात. पावसाळ्यात ते योग्यच, पण पुण्याच्या उन्हाळ्यात उंच वाफा चारही बाजूंनी तापतो आणि सुकतो. या हंगामाला सपाट किंवा दोन बोटं खोलगट वाफे करा, रुंदी तीन-साडेतीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो. वेलांसाठी दीड फूट व्यासाची आळी, म्हणजे पाणी धरणारे गोल खोलगे, करा.

मिरची, वांगी, टोमॅटो

यांची रोपं जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टाकलेली असावीत. टोमॅटोचं रोप चार आठवड्यांत लावण्याजोगं होतं, मिरची-वांग्याला पाच ते सहा लागतात. रोपं केलेली नसतील तर आता बी टाकत बसू नका, रोपवाटिकेतून कोकोपीटच्या ट्रेमधली घ्या. चार ते सहा इंचांचं, जाड देठाचं, गडद पानांचं रोप निवडा. फूल आलेलं, लांबट, पिवळसर रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका. ट्रेमधून एक रोप उचलून बघा, मुळं पांढरी हवीत. तपकिरी, गोल गुंडाळी झालेली मुळं म्हणजे रोप ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलंय.

टोमॅटोच्या बाबतीत तारीख सगळ्यात कडक. दिवसा ३५ अंशांच्या पुढे पारा गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोची फुलं गळतात. पुण्यात मार्चमध्येच दुपार तिथवर पोहोचते. म्हणून रोपं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जमिनीत गेली पाहिजेत. त्यानंतर टोमॅटोचा नाद सोडून ती जागा वांग्याला द्या. वांगी ऊन सोसतात. पुण्याजवळच्या मांजरीचं नाव मिरवणारी मांजरी गोटा ही गोल वांगी भरायला आणि भरताला दोन्हीला चांगली. अंतर ठेवा: मिरची दीड फुटावर, टोमॅटो आणि वांगी दोन ते अडीच फुटांवर.

लावणी संध्याकाळी पाचनंतर करा. आधी खड्ड्यात पाणी, मग रोप, मग माती, मग पुन्हा थोडं पाणी. पहिले तीन-चार दिवस दुपारी वर्तमानपत्राची टोपी किंवा नारळाची झावळी घालून सावली द्या.

वेल: काकडी, दुधी, दोडका, कारली

थंडी पूर्ण गेलेली नसताना दोन आठवडे मिळवायची एक सोपी युक्ती आहे. २० जानेवारीच्या सुमाराला बी कागदी पेल्यांत किंवा छोट्या पिशव्यांत टाका आणि ते पेले दिवसा भिंतीच्या उन्हात, रात्री घरात ठेवा. दोन-तीन खरी पानं आली की तळ कापून अख्खा गोळा आळ्यात उतरवा. वेलांच्या मुळांना धक्का सहन होत नाही, माती सुटली की रोप महिनाभर मागे पडतं. थेट पेरायचं असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, एका आळ्यात तीन-चार बिया एक इंच खोल टाका आणि नंतर दोनच जोमदार रोपं ठेवा.

काकडी आणि दोडक्याच्या बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या की पुरे. कारल्याचं कवच जाड असतं. नेलकटरने टोकाचा अगदी कणभर भाग कापा, आतल्या पांढऱ्या गराला धक्का लागू देऊ नका, मग चोवीस तास भिजवून ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवा. मोड दिसला की पेरा. असं केलं नाही तर कारलं दोन-तीन आठवडे उगवतही नाही आणि आपण आशा सोडून तिथे दुसरं काही लावून मोकळे होतो.

जातींची निवड सोपी आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या हिमांगी आणि फुले शुभांगी या काकड्या, सम्राट दुधी, फुले सुचेता दोडका, हिरकणी आणि फुले ग्रीन गोल्ड ही कारली आपल्या हवेला रुळलेली आहेत. सुधारित जाती घेतल्या तर पुढच्या वर्षीचं बी घरचं धरता येतं, संकरितात ते जमत नाही. पाकिटातलं बी गुलाबी किंवा हिरवं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. मुलांच्या हातात देऊ नका, पेरून झाल्यावर हात साबणाने धुवा.

मांडव वेल चढण्याआधी उभा करा, नंतर मुळं दुखावतात. जागा कमी असेल तर उभी ताटी करा. तिची लांबी उत्तर-दक्षिण ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं ऊन दोन्ही बाजूंना मिळतं आणि दुपारी तीननंतर पूर्वेच्या वाफ्याला सावली पडते. वेल ताटीपर्यंत पोहोचेतो खालची फूट खुडत राहा आणि एकच मुख्य खोड वर न्या. मांडवाला टेकला की शेंडा खुडा, मग फांद्या पसरतात.

भेंडी, गवार, चवळी

नव्याने सुरुवात करणाऱ्याने भेंडीपासून करावी. बी बारा तास भिजवा. तरंगणाऱ्या बिया काढून टाका. ओळींत एक फूट आणि दोन झाडांत वीतभर अंतर, पाऊण इंच खोल, प्रत्येक जागी दोन बिया. पेरण्याच्या आदल्या दिवशी वाफा भिजवून घ्या. पेरल्यावर लगेच जोराचं पाणी दिलं तर काळ्या मातीवर पापुद्रा धरतो आणि कोंब त्याखालीच वाकडे होतात. उगवेपर्यंत वर गोणपाट टाकून झारीने शिंपडा आणि पहिला कोंब दिसताच गोणपाट काढा. रोप चार बोटं झालं की विरळणी करा, जास्तीचं रोप कात्रीने कापा. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका या जाती केवडा रोगाला, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला, बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

दीड महिन्यात पहिली भेंडी येते. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत ती तोडायची, आणि मग एक दिवसाआड न चुकता. एक भेंडी झाडावर जून झाली की झाड बी भरण्याच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी होतात. टोक वाकवून पाहा, कट्कन मोडलं तर कोवळी. तोडताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, लव खाजते.

गवारीची पुसा नवबहार ही एकखोडी जात छोट्या जागेला फार सोयीची. गवार आणि चवळी दोन्हींना खत जास्त घालू नका, नुसता पाला माजतो. चवळी फेब्रुवारीत एकदा आणि मार्चच्या मध्याला पुन्हा पेरावी.

पालेभाज्यांत मेथीची शेवटची पेरणी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पालक मार्चअखेर फुलावर येतो. त्यानंतर चवळई, माठ, राजगिरा आणि अंबाडी यांच्यावरच भर द्यावा. ही आपल्या उन्हाळ्याचीच भाजी आहे. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन भाग करा आणि दुपारच्या सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली दर पंधरा दिवसांनी मूठभर पेरत राहा.

पाणी आणि आच्छादन

फेब्रुवारीत पाणी मुद्दाम थोडं ताणून द्या. रोप रुजलं की रोज वरवर शिंपडण्याऐवजी तीन-चार दिवसांनी खोलवर भिजेल इतकं द्या, म्हणजे मुळं ओलीच्या मागे खाली जातात. हाच तो एक महिना, जेव्हा झाडाला ही सवय लावता येते. मार्चच्या मध्यापासून एक दिवसाआड आणि एप्रिलमध्ये वेलांना रोज. वेळ सकाळची. भर दुपारी पानं मलूल दिसली म्हणून घाबरू नका, संध्याकाळी सहाला पुन्हा बघा. तेव्हाही मान टाकलेली असेल तरच पाणी कमी पडतंय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरभर पानगळ होते आणि पाचोळा पोत्यांनी भरून बाहेर ठेवला जातो, काही ठिकाणी जाळलाही जातो. तो मागून आणा. रोपं वीतभर झाली की तीन-चार इंच जाडीचं आच्छादन करा, खोडाभोवती चार बोटं जागा सोडून. उसाचं पाचटही उत्तम. आच्छादनाखालची माती मे महिन्यातही ओलसर राहते आणि पाण्याची फेरी एक दिवस पुढे ढकलता येते.

फुलं भरपूर, फळ नाही

ही तक्रार दर उन्हाळ्यात ऐकू येते. वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात, आणि आधी नर फुलं येतात. पहिले आठ-दहा दिवस फळ धरलं नाही तर ते स्वाभाविक आहे. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागे इवलंसं फळ असतं, दुधीत तर ते मऊ लवेने भरलेलं दिसतं. इमारतींमध्ये मधमाश्या कमी येतात, तेव्हा हे काम आपण करायचं. मात्र प्रत्येकाची वेळ निराळी. काकडी, कारलं, भोपळा आणि घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात, नऊच्या आत काम उरका. दुधीची पांढरी फुलं आणि दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांना दिवेलागणीनंतर जा. ताजं नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवा आणि त्याचे पिवळे परागकण मादी फुलाच्या मधल्या भागाला अलगद टेकवा. दोन-तीन दिवसांत फळ फुगायला लागलं की जमलं. वाफ्याच्या कडेला झेंडू आणि तुळस असू द्या, मधमाश्या येत राहतात.

कीड

रोप दोन पानांवर असताना वेलांवर लाल भुंगे येतात आणि पानांची चाळण करतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पहिले तीन आठवडे मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा टाकला तर हा त्रासच होत नाही.

भेंडीचा केवडा आणि टोमॅटो-मिरचीची पानं आखडवणारा बोकड्या या रोगांवर औषध नाही. त्यांचा प्रसार करणारी पांढरी माशी आणि मिरचीवरचे फुलकिडे आवरायचे. पिवळे आणि निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीला लावा आणि दर आठ-दहा दिवसांनी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून एक लिटर करा आणि त्यात साबणाचं थोडं पाणी घाला. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. पूर्ण पिवळं पडलेलं किंवा आखडलेलं झाड जीव कितीही अडकला तरी उपटा, त्याच्यापायी बाकीची दहा जातात.

दिवस गरम आणि रात्री गार अशा फेब्रुवारीत वेलांवर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड दिसणारी बुरशी, येते. जुनी पानं काढा, हवा खेळू द्या, ताक दहापट पाण्यात मिसळून फवारा. गंधक वेलांवर उन्हाच्या दिवसांत मारू नका, पानं करपतात. एप्रिलमध्ये फळमाशी येते. दुधी-कारल्याला भोक पडून फळ वाकडं होतं, आत अळ्या असतात. वेलांसाठी क्यू ल्यूर या माशीला ओढणाऱ्या गंधाचा सापळा लावा, आंब्यासाठी मिळणारा मिथाइल युजेनॉलचा इथे कामाचा नाही. कोवळ्या फळावर कागदी पिशवी चढवा. किडकी फळं खताच्या ढिगात टाकू नका, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर उन्हात ठेवा.

एप्रिलनंतर

मार्चअखेरपासून मिरची आणि पालेभाज्यांवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, झाडांच्या शेंड्यापासून निदान दोन फूट वर, नाहीतर खाली उकाडा कोंडतो. एप्रिल-मेमध्ये वळीव आणि कधी गारा येतात. मांडवाचे कोपरे ताणून बांधा आणि वादळानंतर मोडलेल्या फांद्या लगेच कापा. प्रत्येक भाजीचं एक निरोगी झाड बियाण्यासाठी राखा, त्यावरची दोन-तीन फळं पूर्ण वाळू द्या किंवा पिकू द्या. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला वेलांच्या सावलीत हळद आणि आल्याचे डोळे असलेले तुकडे दोन इंच खोल लावून ठेवा. वेल मेअखेर काढून टाकाल तेव्हा त्यांना कोंब आलेले असतील, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला की ती जागा त्यांची.